ओपन वर्ल्ड गेमचे कौतुक : ९७ गुण नेमके कशाला?

संपादक महाशय,

नवा मोठा ओपन वर्ल्ड गेम (ज्यात नकाशावर हवे तिथे मनाप्रमाणे फिरता येते) आला की त्याच्या परीक्षणात दोन गोष्टी हमखास येतात : नकाशा आधीच्या गेमपेक्षा किती पटींनी मोठा आहे, आणि शेवटी दहापैकी साडेनऊ-दहा गुण. सहा महिने जातात आणि तेच खेळाडू म्हणू लागतात, की एवढा गाजावाजा कशासाठी केला होता? वाद मग गेम चांगला की वाईट यावर घुटमळत राहतो. माझे म्हणणे असे, की गाजलेल्या बहुतेक गेमना कौतुकाचा हक्क आहे, पण परीक्षणात ते कौतुक भलत्याच अंगाचे होते आणि खरे दुखणे एका ओळीत उरकले जाते.

आधी गुणांविषयी. मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या परीक्षणांची भारित सरासरी काढते. कोणत्या प्रकाशनाला किती भार दिला, हे ते सांगत नाही. तिथे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’ला शंभरपैकी ९८ गुण आहेत. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि ‘रेड डेड रिडेम्पशन २’ यांना प्रत्येकी ९७, तर ‘एल्डन रिंग’ला ९६. हे पाच गेम घडणीने इतके वेगळे आहेत, की एकावर जीव टाकणारा खेळाडू दुसरा दहाव्या तासाला बंद करतो. विकत घेणाऱ्याला ९६ आणि ९७ मधल्या फरकातून काहीच कळत नाही. गेम बनवणाऱ्यांना मात्र एकेक गुण महागात पडू शकतो. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता, मिळाले ८४. ऑब्सिडियनच्या ख्रिस ॲवेलोन यांनी २०१२ मध्ये ट्विटरवर हे उघड केले. आज त्याच गेमचे नाव त्या दशकातल्या उत्तम भूमिकाप्रधान गेममध्ये घेतले जाते.

आता मूळ मुद्दा. ओपन वर्ल्ड गेममध्ये दोन यंत्रणा एकत्र नांदत असतात. एक म्हणजे जगाचे नियम : आग कशाला लागते, प्राणी कशाला बिचकतो, पहारेकरी काय पाहतो. दुसरी म्हणजे खेळाडूला दिलेली कामे : मिशन, साइड क्वेस्ट (मुख्य कथेबाहेरची कामे), नकाशावरची चिन्हे. कामे करताना जगाचे नियम वापरता आले, तर गेम खऱ्या अर्थाने खुला. कामे सुरू होताच नियम गुंडाळून ठेवले जात असतील, तर नकाशा शंभर चौरस किलोमीटरचा असला तरी गेम बंदिस्तच.

ही कसोटी सर्वांत चांगली पार करतो तो ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. ३ मार्च २०१७ रोजी तो स्विच आणि वी यू या यंत्रांवर आला. त्याच वर्षी गेम बनवणाऱ्यांच्या जीडीसी परिषदेत निन्टेंडोच्या चमूने त्यामागचे ‘केमिस्ट्री इंजिन’ समजावून सांगितले. त्यात आग, पाणी, वीज, वारा, थंडी ही तत्त्वे आणि लाकूड, धातू, गवत, जिवंत प्राणी हे पदार्थ. नियम फक्त तीन. तत्त्व पदार्थाची स्थिती बदलू शकते. एक तत्त्व दुसऱ्या तत्त्वाची स्थिती बदलू शकते. पदार्थ मात्र दुसऱ्या पदार्थाची स्थिती बदलू शकत नाही. एवढ्यावर काय काय उभे राहते ते पाहा. गवताला आग लावली की गरम हवेचा झोत वर उठतो आणि त्यात पॅराग्लायडर उघडला तर खेळाडू उंच उचलला जातो. विजांच्या पावसात पाठीवर धातूची तलवार किंवा ढाल असेल तर ठिणग्या उडू लागतात आणि थोड्याच वेळात वीज अंगावर कोसळते. तीच तलवार शत्रूच्या तळात फेकून दिली तर वीज तिथे पडते. पावसात अग्निबाण पेटत नाही. डेथ माउंटन या ज्वालामुखीच्या धगीत बॉम्बबाण धनुष्याला लावताच हातातच फुटतो. श्राइनमधल्या (कोड्यांच्या छोट्या देवळांतल्या) विजेच्या कोड्यात दिलेले ठोकळे सरकवून मंडल पूर्ण करणे अपेक्षित असते, पण आपल्याजवळच्या धातूच्या तलवारी ओळीने मांडूनही ते पूर्ण होते, आणि गेम ते उत्तर बिनतक्रार मान्य करतो. शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे, मान्य करतो. बहुतेक गेममध्ये असे उत्तर एक तर सुचतच नाही, किंवा सुचले तरी चालत नाही.

जमिनीची रचनाही याच विचाराने केलेली आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी अंतरांचा अंदाज यावा म्हणून आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा खेळाच्या मैदानावर ठेवून पाहिला होता. डोंगर-टेकड्या त्रिकोणी आकारात अशा मांडल्या, की समोरची टेकडी पलीकडचे काही झाकते. खेळाडू चढून जातो किंवा वळसा घालतो, आणि दोन्ही वाटांवर नवे काही दिसते. टॉवर १५ आहेत, पण टॉवरवर चढल्यावर फक्त त्या भागाचा भूगोल उघडतो. कुठे काय आहे याची चिन्हे आपोआप उमटत नाहीत. दुर्बिणीतून पाहून पाच रंगीत खुणा आणि नकाशावर १०० शिक्के खेळाडूने स्वतः लावायचे. युबिसॉफ्टने (पुण्यात आणि मुंबईतही हिचे स्टुडिओ आहेत) २००७ च्या ‘असॅसिन्स क्रीड’पासून आणि पुढे ‘फार क्राय ३’मधून रूढ केलेली टॉवरची रीत नेमकी उलटी : चढा, की परिसरातल्या कामांची यादीच नकाशावर हजर. तिथून पुढे एकेक चिन्ह पुसत जाणे म्हणजे रेशन कार्डावर शिक्के मारून घेत फिरण्यासारखे होते.

याचा अर्थ झेल्डात दोष नाहीत असा नव्हे. पाऊस सुरू झाला की कड्यावर चार-पाच पकडींनंतर हात घसरतो, आणि या पहिल्या गेममध्ये त्यावर धड उपाय नाही. पात्राला आडोशाला बसवून पाऊस थांबायची वाट पाहायची, नाहीतर शेकोटी पेटवून वेळ पुढे ढकलायची. (२०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’मध्ये न घसरणारा पोशाख दिला, यावरून तक्रार खरी होती हे दिसते.) हत्यारे मोडतात यावर सर्वांत जास्त ओरड झाली, पण पहिल्या वीस तासांत ती रचना उत्तम काम करते. एकाच तलवारीला चिकटून राहता येत नाही, म्हणून दगड, आग, उतार, शत्रूचेच हत्यार असे सगळे वापरून पाहावे लागते. बिघडते ते नंतर. गेम खेळाडूच्या लढायांचा छुपा हिशेब ठेवतो आणि लाल बोकोब्लिन या शत्रूच्या जागी निळे, काळे, शेवटी चंदेरी आणतो. चंदेरी शत्रूला मारताना दोन चांगली हत्यारे खर्ची पडतात आणि बदल्यात मिळते तेवढ्याच तोलाचे एक. मग शहाणा खेळाडू लढाईच टाळू लागतो. चार प्रचंड यांत्रिक ‘दिव्य पशूं’च्या आतली कोडी एकमेकांसारखी आणि छोटी आहेत, त्यांचे बॉसही (शेवटी लढावे लागणारे मोठे शत्रू) एकाच साच्यातले. कोरोक बिया ९००; त्यातल्या ४४१ मध्ये हत्यारे, धनुष्ये आणि ढालींच्या सगळ्या जागा वाढवून होतात. उरलेल्या ४५९ गोळा करणाऱ्याला सोनेरी लेंडाच्या आकाराची एक भेट मिळते, जिचा उपयोग एवढाच की हेस्टू हे पात्र हवे तेव्हा नाचून दाखवते. बनवणाऱ्यांचा हा विनोद आहे आणि त्यात इशाराही आहे : वाट वाकडी केली तरी काहीतरी सापडावे म्हणून बिया जागोजागी पेरल्या आहेत, सगळ्या वेचायला नाहीत. शंभर टक्क्यांच्या मागे लागून गेम कंटाळवाणा झाला म्हणणाऱ्यांना उत्तर तिथेच दिलेले आहे.

आता दुसऱ्या टोकाला ‘रेड डेड रिडेम्पशन २’. २६ ऑक्टोबर २०१८ ला कन्सोलवर आणि वर्षभराने पीसीवर आलेल्या या गेमच्या जगाची स्तुती कितीही केली तरी कमीच. शिकारीचेच पाहा. आधी दुर्बिणीने किंवा नजर रोखून प्राण्याचे तारे (म्हणजे दर्जा) पाहायचे; तीन ताऱ्यांचाच हवा, कारण दोन ताऱ्यांच्या प्राण्याचे कातडे कितीही नेमका नेम धरला तरी निर्दोष मिळत नाही. मग आकारानुसार हत्यार : खारीसाठी छोट्या शिकारीचा बाण, सशाच्या आसपासच्या आकाराला व्हार्मिंट रायफल, हरणाला धनुष्यबाण किंवा रायफल, गव्याला जोरदार रायफल. हरणावर शॉटगन चालवली की कातड्याची चाळण. वाऱ्याची दिशा चुकली तर प्राणी वास घेऊन पळतो. मारलेला प्राणी घोड्यावर लादून फार वेळ हिंडलात तर तो सडू लागतो. इतका बारकावा याच्या तोडीने दुसऱ्या कुठल्या गेममध्ये आढळत नाही.

आणि मग पिवळ्या ठिपक्यावर जाऊन मिशन सुरू करा. इथून पुढे कोणत्या रस्त्याने जायचे, कोणत्या दगडाआड बसायचे, पहिली गोळी कधी झाडायची, सगळे आधी ठरलेले. साथीदारापासून थोडे लांब गेलात तर मिशन रद्द. मागच्या बाजूने घुसून काम उरकायचा प्रयत्न केला तरी पडद्यावर अपयशाची पाटी. मघाशी वाऱ्याची दिशा हेरून हरणाला गाठणाऱ्या त्याच खेळाडूला आता ‘बटण दाबा, उजवीकडे पाहा’ अशा सूचना मिळतात. मुक्त जगाचे सगळे नियम मिशनच्या उंबऱ्याबाहेर राहतात. दोन्ही गोष्टी एकाच ९७ मध्ये बसवल्या, आणि परीक्षणांत दुसरीचा उल्लेख आला तर ‘मिशन थोडी एकसुरी आहेत’ एवढाच. पन्नासेक तासांच्या मुख्य कथेतला मोठा भाग या मिशनांचाच आहे, हे लक्षात घेता ‘थोडी’ हा शब्द फारच उदार म्हणावा लागेल.

नियंत्रणांचाही एक घोळ आहे, जो विकत घेणाऱ्याला आधी माहीत असावा. बंदूक म्यानात असताना प्लेस्टेशनच्या पॅडवर एल२ दाबले की समोरच्या माणसाशी बोलता येते; बंदूक हातात असताना तेच बटण नेम धरते. दुकानदाराला नमस्कार करायला जावे आणि त्याच्यावर पिस्तूल रोखले जावे, ही या गेममधली रोजची गोष्ट. तो घाबरतो, साक्षीदार पळतो, डोक्यावर इनाम लागते. उपाय साधा : वस्तीत शिरण्यापूर्वी एल१ एकदा दाबून हत्यार ठेवून द्यायची सवय लावावी. तसेच घोड्यावर बसले की लांब बंदुका खोगिरात जातात. उतरताना हत्यारांच्या चक्रातून त्या पुन्हा घेतल्या नाहीत तर लढाईत हाती फक्त पिस्तूल उरते.

‘द विचर ३’चे (मे २०१५) प्रकरण तिसरेच आहे. त्याचे जग फिरून पाहण्यासारखे आहे, पण जगाला नियम असे फारसे नाहीत. त्याचे बळ लेखनात आहे. वेलन या प्रदेशातल्या ब्लडी बॅरनच्या प्रकरणात खेळाडूचा आधीचा निर्णय दोन-तीन क्वेस्टनंतर अंगावर येतो, आणि ‘बरोबर’ उत्तर असे शेवटपर्यंत हाती लागत नाही. इतके सकस लेखन आजही थोड्याच गेममध्ये आहे. मात्र स्केलिगे बेटांच्या समुद्रात विखुरलेली प्रश्नचिन्हे म्हणजे बव्हंशी तस्करांची पिंपे : होडी न्या, सायरन या राक्षसिणी मारा, बुडी घ्या, विकायला सामान आणा, पुन्हा तेच. १४ डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीत सीडी प्रोजेक्टने नकाशाला एक साधा फिल्टर दिला, ज्यात प्रश्नचिन्हे आणि होड्या दिसत नाहीत. सात वर्षांनी का होईना, बनवणाऱ्यांनीच पसारा झाकला. आज हा गेम घेणाऱ्याने तो फिल्टर तसाच ठेवावा आणि गावातल्या फलकावरची कंत्राटे व नाव असलेल्या क्वेस्ट एवढेच करावे. गेम निम्मा होतो आणि दुप्पट चांगला लागतो.

‘एल्डन रिंग’च्या पहिल्या तीस तासांची स्तुती रास्त आहे. सुरुवातीच्या लिमग्रेव्ह प्रदेशात पाऊल टाकताच सोन्याच्या चिलखतातला ट्री सेंटिनल घोड्यावर बसून समोर उभा असतो. त्याच्याशी लढून मरणारा खेळाडू दोन-तीनदा मेल्यावर समजतो, की इथून निघून जाऊन नंतर परत येता येते. संपूर्ण गेमचा धडा एका शत्रूत दिला आहे. ड्रॅगन-बर्न्ट रुइन्समधली पेटी उघडली तर खेळाडू थेट केलिड प्रदेशातल्या खाणीत फेकला जातो आणि बाहेर पडेपर्यंत फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून क्षणात दुसरीकडे जाण्याची सोय) चालत नाही. नकाशाचा तुकडा कुठे आहे हे कोऱ्या नकाशावरच्या छोट्या स्तंभाच्या खुणेवरून ओळखायचे. इथवर सगळे झकास. पण कॅटाकोंबमध्ये (भुयारी कबरस्तानांत) तोच वॉचडॉग हा शत्रू पुन्हा पुन्हा येतो, एर्डट्री अवतार तर बऱ्याच प्रदेशांत भेटतो, आणि गॉड्रिकसारखा कथेतला मोठा बॉस दुसऱ्या नावाने तुरुंगात पुन्हा उभा केला आहे. पर्वतावरचा शेवटचा बर्फाळ प्रदेश आधीच्या मानाने विरळ आहे. पात्रांच्या क्वेस्ट इतक्या गुप्त, की एखादे पात्र कुठे गेले हे कळायला मार्ग नव्हता. प्रकाशनानंतर महिनाभराच्या आत आलेल्या १.०३ आवृत्तीत नकाशावर भेटलेल्या पात्रांच्या खुणा टाकाव्या लागल्या.

परीक्षकांना हे दिसत नाही असे नाही. त्यांच्याकडे वेळ नसतो. गेम हाती पडल्यापासून परीक्षण छापण्यावरची बंदी उठेपर्यंत बऱ्याचदा आठवडा-दहा दिवस, त्यात पन्नास-साठ तासांची मुख्य कथा संपवायची. म्हणजे सरळ रस्त्याने धावायचे. इकडेतिकडे भटकणे, ज्यासाठी हा प्रकार ओळखला जातो, तेच सर्वांत कमी तपासले जाते. आणि पन्नासाव्या तासाला येणारा तोचतोचपणा घाईत जाणवत नाही किंवा थकव्याच्या खाती जमा होतो.

‘सायबरपंक २०७७’ने तर ही व्यवस्था उघडी पाडली. १० डिसेंबर २०२० च्या प्रकाशनाआधी परीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत दिली गेली आणि स्वतः चित्रित केलेले दृश्य दाखवण्यास मनाई होती. त्या परीक्षणांवरून सरासरी ९० च्या आसपास गेली. आगाऊ नोंदणी ८० लाखांची होती. जुन्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर गेम खेळण्याजोगा नसल्याचे खरेदीनंतर लोकांना कळले, आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. पुढे सप्टेंबर २०२३ च्या २.० आवृत्तीत कौशल्यांची आणि पोलिसांची यंत्रणा नव्याने लिहिली; आज तो खरोखर चांगला गेम आहे. पण २०२० चे गुण ज्याला दिले तो गेम हा नव्हे.

घेणाऱ्याने काय करावे? पहिली गोष्ट, स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात परताव्याची अट दोन तासांहून कमी खेळ आणि खरेदीपासून १४ दिवस अशी आहे. ‘रेड डेड २’चा बर्फातला पहिला अध्यायच दोन तासांच्या आसपास घेतो आणि त्यात जग खुले नसतेच. म्हणजे ज्यासाठी पैसे दिले ते दिसण्याआधी परताव्याची मुदत संपते. म्हणून त्या दोन तासांत कथा पाहत बसू नये. ग्राफिक्स, फ्रेमचा वेग आणि नियंत्रणे तपासावीत आणि जगाचा अंदाज दुसऱ्या कोणाच्या विसाव्या-तिसाव्या तासाच्या सलग, न कापलेल्या चित्रणावरून घ्यावा. त्या चित्रणात पाहायचे ते एवढेच : खेळणाऱ्याची नजर जगावर आहे की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, आणि काम त्याने ठरलेल्या मार्गानेच केले की स्वतःच्या युक्तीने. दुसरी गोष्ट जागेची. पीसीवर ‘रेड डेड २’ १५० जीबी मागतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर तेवढे उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, साडेतीन तासांच्या आसपास लागतात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सुमारे १४ जीबीत मावतो. निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे स्विच आयात केलेलेच घ्यावे लागते आणि दुरुस्तीची हमी दुकानदाराच्या शब्दापुरती असते, हेही हिशेबात धरावे.

आपल्या पुरवणीत गेमची परीक्षणे येतात तेव्हा गुणांच्या चौकटीत आणखी चार गोष्टी छापाव्यात, ही विनंती : कोणत्या यंत्रावर खेळला, कोणती आवृत्ती, किती तास, आणि मुख्य कथा पूर्ण केली की नाही. गुणांची चौकट आहे तेवढ्याच जागेत हे मावते. मिशन आणि मोकळे जग यांना दोन वेगळे गुण देता आले तर फारच उत्तम. ‘रेड डेड २’ला मी दुसऱ्यासाठी दहा आणि पहिल्यासाठी पाच देईन.

आपला,
एक वाचक, पुणे